मधुमेही मांजराचा आहारक्रम

मांजरालाही मधुमेह होतो हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. वस्तुतः मध्यम वय उलटलेल्या, लठ्ठ व घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांत हा विकार दुर्मिळ नाही. खच्ची केलेल्या बोक्यांत तो विशेष आढळतो. माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी त्याचे जवळचे साम्य आहे. प्रारंभी स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवत असते, पण लठ्ठ देहावर त्याचा पुरेसा प्रभाव पडत नाही, आणि पुढे ते स्रवणेही कमी होत जाते. मांजर वारंवार पाणी पिते, पुष्कळ लघवी करते, आणि भरपूर खाऊनही खंगते.

रोगाचे नाव मात्र मांजराच्या बाबतीत काहीसे विचित्र ठरते. प्रमेह होऊ घातलेल्या माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही नोंद चरकसंहितेत आहे. ‘मधुमेह’ हा शब्द आणि लॅटिनमधील ‘मेलिटस’ हे विशेषण, दोहोंच्याही मुळाशी मधच आहे. पण ज्या प्राण्याला हा रोग जडतो त्याला गोड चव कळतच नाही! मार्जारकुलात गोडी ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक निकामी झालेले आहे, हे २००५ साली दाखविण्यात आले. ही केवळ गंमत नव्हे. मांजर हे काटेकोर अर्थाने मांसाहारी आहे. त्याचे यकृत प्रथिनांपासून अखंड साखर तयार करीत असते. उलट अन्नातून एकदम आलेल्या पुष्कळ साखरेची विल्हेवाट लावण्याची त्याची शक्ती बेताची असते. म्हणून मधुमेही मांजराच्या अन्नात पिष्टमय पदार्थ अत्यल्प असावेत. एकूण ऊर्जेच्या सुमारे १२ टक्क्यांहून कमी ऊर्जा त्यांपासून मिळावी असे पशुवैद्यक मानते. कोरड्या दाणेदार खाद्यात हे प्रमाण बहुधा यापेक्षा बरेच अधिक असते. डब्यातील ओल्या मांसान्नात कमी असते.

मराठी घरातील मांजर परंपरेने दूधपोळी, दूधभात व माशांचे काटेकुटे यांवर वाढते. पूर्वी ते उंदीर मारून उणीव भरून काढी. सदनिकेतील मांजराला ती सोय नाही. मधुमेह झाल्यावर पोळी आणि भात बंद करणे भागच असते. मात्र हा बदल पशुवैद्याला न विचारता एका दिवसात करू नये. अन्नातील पिष्ट घटले की इन्शुलिनची गरजही घटते, आणि जुनेच प्रमाण चालू राहिल्यास रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते.

आता वेळेचा प्रश्न. येथे घोटाळा औषधापेक्षा भाषेमुळेच अधिक होतो. ‘दिवसातून दोनदा’ याचा पशुवैद्याच्या मनातील अर्थ ‘दर बारा तासांनी’ असा असतो. सामान्य व्यवहारात मात्र ‘दिवस’ म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा काळ. सकाळी आठ व दुपारी दोन या वेळा पाळणाऱ्याने सूचनेचा शब्द मोडलेला नसतो. पण दुपारी दोन मात्रांचा प्रभाव एकमेकांवर चढतो आणि उत्तररात्री मांजर औषधावाचून राहते. म्हणून सूचना घेतानाच घड्याळाचे आकडे विचारून घ्यावेत. ‘जेवणाबरोबर’ हाही असाच संदिग्ध शब्द. त्याचा उपयुक्त अर्थ असा: अन्न पुढे ठेवावे, मांजर खाऊ लागले याची खात्री करावी, मग सुई टोचावी. दोन जेवणांच्या मध्ये चार घास खाण्याची मांजराची सवय मोडण्याचे सहसा कारण नाही. अन्न अल्पपिष्ट असेल तर त्यामुळे साखर फारशी चढत नाही. दिवसाचे एकूण अन्न मात्र मोजलेले हवे. घरात दुसरे मांजर असल्यास दोघांना वेगळ्या खोल्यांत वाढावे, नाहीतर कोणी किती खाल्ले हे कळत नाही.

मांजराने अन्नाला तोंड लावले नाही तर नेहमीची मात्रा देऊ नये, पशुवैद्याला विचारावे. एखादी मात्रा चुकल्यास पुढची दुप्पट करू नये. एकत्र कुटुंबात सून सुई देऊन कामावर जाते आणि सासूबाई आठवणीने पुन्हा देतात, असे होऊ शकते. यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. सुई दिली की नाही अशी शंका आल्यास ती न देणेच बरे, कारण चुकलेल्या एका मात्रेपेक्षा जादा मात्रा कितीतरी घातक असते. मांजर लडखडू लागले, सुस्त पडले वा त्याला झटके आले, तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये.

सिरिंजबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतात इन्शुलिन दर मिलिलिटरला ४० युनिट व १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे मिळते, आणि त्यांच्या सिरिंजही निराळ्या असतात. १०० तीव्रतेचे औषध ४० च्या सिरिंजने घेतल्यास मात्रा अडीचपट होते.

लठ्ठ मांजराला उपास घडवून बारीक करण्याचा मोह टाळावा. काही दिवस अन्न न मिळाल्यास लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरले तरी पुरे. अमेरिकेत २०२२ व २०२३ साली तोंडाने देण्याची दोन औषधे मांजरांसाठी मान्य झाली. ती घेणाऱ्या मांजराने अन्न सोडल्यास साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो, म्हणून तेथेही ताटलीवर लक्ष ठेवावे लागते. निदान लवकर झाले आणि आहार व इन्शुलिन प्रारंभापासून नीट सांभाळले, तर काही मांजरांची इन्शुलिनची गरज संपते. अशा मांजराचे अन्न मात्र पुढेही तेच ठेवतात, आणि रक्ततपासणी अधूनमधून चालू राहते.