मूठ पिळा, गेम चालू!

मुकुंदवाडीकरांनो, आज हेल्मेट खुंटीला आणि चार्जर हातात! पलीकडे वाळूजला बजाजचा कारखाना १९८५पासून गाड्या काढतोय, म्हणजे टू-व्हीलरचं वेड आपल्या शहराला नवं नाही. पण गाडीची ती थरथर, तो झुकाव, ते तापलेलं इंजिन पडद्यावर आणायला गेमवाल्यांनी काय काय खटपटी केल्यात, माहीत आहे का?

सन १९७६. अटारीच्या ‘स्टंट सायकल’ मशीनला चक्क हँडलबार होता! मूठ पिळून रेस द्यायची आणि ओळीनं उभ्या बसगाड्यांवरून झेप. जमलं, की पुढच्या उडीला आणखी एक बस. तुम्ही ‘बस’ म्हणा, बस संपत नाहीत!

ही आयडिया सुचली अमेरिकेच्या इव्हल निव्हेलवरून. हा पठ्ठ्या खरोखर बसगाड्यांवरून उड्या मारायचा. गिनीज बुकात त्याच्या नावावर किती फ्रॅक्चर? ४३३!

त्याच वर्षी सेगानं ‘फॉन्झ’ आणला. पडद्यावर धडक बसली, की हातातलं हँडल गदागदा हलायचं. तुमचा गेमपॅड आज थरथरतो ना, हा त्याचा पणजोबा.

१९८५च्या ‘हँग-ऑन’मध्ये तर जवळजवळ अख्ख्या गाडीएवढ्या मशीनवर टांग टाकून बसायचं. वळण आलं, की अंग कलवायचं, तरच गाडी वळणार. गेम सेगाचा, डोकं यू सुझुकी यांचं. हो, बाईकचा गेम करणाऱ्याचं आडनावच सुझुकी!

टीव्ही गेमची ‘९९९९९९ इन वन’ कॅसेट आठवते? तिच्यात हमखास सापडणारा ‘एक्साइटबाईक’ १९८४चा. टर्बो दाबून धरला, की इंजिन तापून गाडी बंद. ट्रॅकवरच्या बाणांवरून गेलात, की झटक्यात थंड. बनवणारे शिगेरू मियामोतो, म्हणजे मारिओचे जन्मदाते. इथं पडदा झरझर सरकवायचं तंत्र जमलं आणि ते पुढच्याच वर्षी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या कामी आलं. मारिओ धावला तो बाईकच्या जोरावर!

‘एक्साइटबाईक’मधले मातीचे उंचवटे खरेखुरे बघायचेत? जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस लीगच्या गाड्या तशाच हवेत उडाल्या.

आता बादशहा, ‘रोड रॅश’! १९९१चा. लाथा, दंडुके, आणि पळायचं कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर. पीसीवरच्या आवृत्तीत साउंडगार्डनसारख्या बँडची खरी गाणी होती. पण माझ्या मते खरी कमाल वेगळीच. पडलात, की गेम थांबत नाही. तुमचा गडी उठतो आणि लांब पडलेल्या गाडीकडे स्वतःच्या पायांनी धावत सुटतो. तेवढ्यात पोलीस पोचला, की खेळ खल्लास! ती दहा-बारा पावलं खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लावतात. कुठलाच स्टंट एवढा घाम फोडत नाही.

‘जीटीए’च्या चाहत्यांनो, तिसऱ्या भागात बाईकच नव्हती, माहीत आहे का? ती आली २००२च्या ‘व्हाइस सिटी’त.

नोकियाच्या कीपॅडवर तोल सांभाळायला लावणारा ‘ग्रॅव्हिटी डिफाइड’ २००४चा, स्वीडनचा. वजनाला आजच्या मोबाइल फोटोपेक्षाही हलका!

तोच तोलाचा खेळ मोठ्या पडद्यावर नेणारी ‘ट्रायल्स’ मालिका फिनलंडच्या रेडलिंक्सची. ही कंपनी २०११मध्ये युबिसॉफ्टनं घेतली. आणि युबिसॉफ्टचा एक स्टुडिओ कुठे आहे? पुण्यात!

मोबाइलवरच्या ‘ट्रॅफिक रायडर’चा आवाज खरा वाटतो ना? कारण तो खऱ्या बाईकवरून रेकॉर्ड केलेला आहे. बनवणारे तुर्कस्तानचे सोनर कारा.

देशी तडका हवा? ‘इंडियन बाईक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’त गेममधल्याच मोबाइलवर नंबर फिरवायचा, की समोर गाडी हजर. ना डाउन पेमेंट, ना हप्ता!

आणि २०१७मध्ये मोटोजीपीची पहिली ई-स्पोर्ट स्पर्धा झाली. इटलीचा लोरेन्झो दारेत्ती जिंकला. बाईक पळवून त्याला बक्षीस काय मिळालं, माहीत आहे का? बीएमडब्ल्यूची कार!