जुने ट्रक सुरू न होण्याचे निदान
बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा व खामगावमार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आजही दिसणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकांच्या इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टनने दाबल्यामुळे तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते, म्हणून सेल्फ इंजिन जोमाने फिरवत असूनही ते सुरू होत नसेल, तर बॅटरी बदलण्याची घाई न करता आधी सायलेन्सरकडे पाहावे. धूर अजिबात नसल्यास डिझेल पोहोचत नाही. अशा वेळी इंजिन बंद करणारी केबल अडकली नसल्याची खात्री करून, फिल्टरवरील स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून नळीत शिरलेली हवा, म्हणजेच मेकॅनिकांच्या बोलीतील ‘एअर’, काढावी. पांढरा धूर मात्र डिझेल पोहोचूनही पेटत नसल्याचे दर्शवतो, आणि तेथे झिजलेल्या रिंगांमुळे घटलेल्या दाबाचा, अर्थात खर्चिक दुरुस्तीचा, संशय घ्यावा लागतो.