विचारून बांधलेला दवाखाना

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला विश्वास आटला, असं महाराष्ट्रात सतत म्हटलं जातं. गेल्या पन्नासेक वर्षांकडे मागे वळून पाहताना मला प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासावीशी वाटते: रुग्णाला कुणी काही विचारलं होतं का?

१९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित घरांतल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्याकडे गाव औषधाला जाऊ लागलं.

गडचिरोलीची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. अभय आणि राणी बंग १९८६ साली तिथे गेले. आदिवासी दवाखान्यात येत नाहीत म्हणून त्यांच्या अज्ञानाला बोल न लावता बंगांनी त्यांनाच कारण विचारलं. इमारतीची भीती वाटते, लोक म्हणाले. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आम्ही तर पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो. नातेवाइकांना बाहेर काढता, मग आजारी माणसाजवळ कोण? आणि तिथे आमचा देव कुठे असतो? मग शोधग्राम या बंगांच्या परिसरात दवाखाना उभा राहिला तो गोंडांच्या घरांसारखा, रुग्णासोबत घरच्यांना राहता येईल असा, दंतेश्वरी मातेच्या नावाचा. लोकांच्या म्हणण्यावरून इमारतीचा नकाशा बदलला, एवढा मान रुग्णाला आपल्याकडे क्वचितच मिळाला आहे.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. नातं बिघडलं ते तेव्हापासून, असं अनेक डॉक्टर मानतात. मला हे पटत नाही. तक्रारी आधीही होत्या, त्या मांडायला जागा नव्हती. त्या निकालातली खरी उणीव वेगळीच होती. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती सरकारी रुग्णालयं त्यातून बाहेर राहिली, म्हणजे गरीब रुग्णही बाहेर राहिला.

त्याला बोलायची जागा मिळाली ती २००७ नंतर, आरोग्यसेवांवरच्या लोकाधारित देखरेखीतून. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संघटनांनी ती उभी केली. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं. औषध बाहेरून का आणायला लावलं? नर्सबाई कधी येतात? डॉक्टरांना हे सुरुवातीला झोंबलं, आणि ते साहजिकच होतं. पण त्याच मांडवात साठा संपल्याचं, पदं रिकामी असल्याचंही उघड झालं. वरिष्ठांकडे मागून जे मिळत नव्हतं, ते लोकांच्या रेट्याने मिळू शकतं, हे काही डॉक्टरांनी ओळखलं आणि ते गावाच्या बाजूने बोलू लागले.

शहरांतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत असं काही रुजलं नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली राज्याने कायदा केला, तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी जबर मारहाण केली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्या मारहाणीचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही. मात्र गर्दीच्या वॉर्डात मृत्यूची बातमी बहुतेकदा सांगतो कोण? रात्रभर न झोपलेला, सर्वांत तरुण डॉक्टर. रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढवले गेले, ते हवेच होते. घरच्यांना शांतपणे बसवून समजावणारे समाजसेवा अधीक्षकही तितक्याच निकडीने वाढवायला हवे होते.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि वैद्यकीय नीती शिकवली जाते. २०२१ साली राज्याने खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. दोन्ही पावलं चांगली आहेत. पण वर्गात संवाद शिकलेला विद्यार्थी ओपीडीत जातो तेव्हा बाहेर रांग लागलेली असते, आणि एका रुग्णाला किती वेळ द्यायचा हे त्याच्या हातात नसतं. तो वेळ त्याला मिळेल इतके डॉक्टर नेमणं सरकारच्या हातात आहे.