संशोधक विद्यार्थ्यांना युनियन कशासाठी?

रेल्वे, देहूरोडचा डेपो, तळेगावची एमआयडीसी. युनियन म्हणजे काय हे आपल्या घरांना शिकवावे लागत नाही. बोनस, ओव्हरटाइम, करार हे शब्द आपल्या मुलांनी जेवणाच्या ताटावर ऐकलेले आहेत. परंतु पीएच.डी. करणारा मुलगा संघटनेचे नाव काढू लागला की वडीलधारी मंडळी विचारतात, "शिकायला गेलास की संप करायला?" मळवली, कामशेत, वडगावहून लोकलने पुण्याला विद्यापीठात जाणारी मुले-मुली आज आपल्या वस्तीतही आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर घरोघरी समजून घेतले पाहिजे.

संशोधक विद्यार्थी नुसता शिकत नाही, तो कामही करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमानुसार त्याला आठवड्याला 4 ते 6 तास शिकवण्याचे, प्रयोगशाळेचे, मूल्यमापनाचे काम देता येते. कारखान्यातल्या अप्रेंटिसचेही असेच असते. मशीन तोही चालवतो, पण 1961 चा कायदा म्हणतो की तो शिकाऊ, कामगार नव्हे. संशोधकाला मिळते ती अधिछात्रवृत्ती. तिला पगार म्हणत नाहीत, म्हणून भविष्य निर्वाह निधीही नाही.

आता घरखर्चाचा हिशोब मांडू. आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली. ऐकायला रक्कम मोठी वाटते. परंतु समजा ती सहा महिने थकली, तर 2 लाख 22 हजार अडकले. तोवर खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके कशावर चालणार? आई शेकडा 3 रुपये व्याजाने 50,000 काढते. सहा महिन्यांत 9,000 रुपये नुसत्या व्याजात जातात. पुढे थकबाकी एकरकमी मिळाली, तरी हे व्याज भरून देणारा कोणी नसतो.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला याने 17 जानेवारी 2016 रोजी आपले जीवन संपवले. सात महिन्यांची 1 लाख 75 हजारांची अधिछात्रवृत्ती येणे आहे, हे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले होते. विद्यावेतन वेळेवर मिळण्याची मागणी किती मोलाची, ते यावरून समजावे.

बाबासाहेबांनाही हा चटका बसलेला आहे. बडोदा सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे मुदत संपली, म्हणून 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पैसे जमवून पुन्हा लंडन गाठायला 1920 साल उजाडले.

त्याच कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने निर्णय दिला की, शिकवण्याचे व संशोधनाचे काम करणारे विद्यार्थी हे कामगारही आहेत. नोव्हेंबर 2021 पासून जानेवारी 2022 पर्यंत तिथल्या विद्यार्थी-कामगारांनी दहा आठवडे संप केला. त्यातून वेतनवाढ मिळाली आणि छळाच्या तक्रारीत बाहेरच्या तटस्थ लवादाकडे जाण्याची सोय झाली. हार्वर्डच्या युनियनने तर 2021 च्या करारात जातिभेदाविरुद्धचे संरक्षण लिहून घेतले. सातासमुद्रापार जातीचा प्रश्न युनियनच्या कागदावर आला, ही आपल्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

आपल्या महाराष्ट्रातही मुले स्वस्थ बसलेली नाहीत. 2023 मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक मुंबईच्या आझाद मैदानावर बसले. मोजक्यांनाच नको, पात्र ठरलेल्या सर्वांना द्या, ही त्यांची मागणी होती. 24 डिसेंबर 2023 च्या चाळणी परीक्षेत 2019 च्या सेट परीक्षेचाच पेपर आल्याची तक्रार झाली, तेव्हा मुलांनी एकजुटीने आवाज उठवला. एकट्या-दुकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. शंभर जणांचा आवाज साहेबाला ऐकावाच लागतो.

मग अशा संघटनेची उद्दिष्टे कोणती असावीत? विद्यावेतन ठरल्या तारखेला मिळावे आणि महागाईप्रमाणे वाढावे. कामाचे तास व स्वरूप लेखी असावे. मार्गदर्शकाची घरगुती कामे त्यात नसावीत. आजारपणाची सोय असावी. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार केली म्हणून सही अडकू नये, यासाठी तक्रार ऐकणारी समिती स्वतंत्र असावी. तिथे अनुसूचित जाती-जमातीचे प्रतिनिधी आणि स्त्रिया असाव्यात. संशोधक भगिनींना 240 दिवसांपर्यंतची बाळंतपणाची रजा 2022 च्या नियमात आहे. ती मागताना तिला कोणी टोमणे मारू नयेत, हेही संघटनेनेच पाहायचे.

लेखी नोंदीचे महत्त्व मावळच्या माणसाला वेगळे सांगायला नको. कार्ले लेण्याचे द्वार घडवणारा धेनुकाकटचा सुतार सामी, याचे नाव तिथल्या शिलालेखात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी राबणाऱ्या हाताची नोंद दगडावर झाली. आज ती निदान कागदावर तरी व्हावी.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1943 मध्ये मालकांना युनियनला मान्यता देणे भाग पाडणारे विधेयक मांडले. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" यातला पहिला शब्द आपल्या मुलांनी पाळला आहे. दुसरा पाळताना आई-वडिलांनी त्यांचा हात मागे ओढू नये. घरात संशोधक असेल तर नोंदणीपत्र, अर्जाची पोच, बँकेचे पासबुक एका फाइलमध्ये लावून ठेवा. कोणत्या महिन्याचे पैसे कधी आले ते वहीत लिहा. रविवारी विहारात वंदनेनंतर अशा चार घरांनी एकत्र बसावे. पहिली सभा तीच.

जय भीम!