घर घेताना सही कुणाकुणाची?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. ती रूढ झाली तेव्हा माणूस आपल्या जागेवर दगड-मातीचे घर बांधी, वर माळवद घाली आणि दोन-तीन पिढ्या त्यात नांदत. आता बांधलेले घर विकत घेण्याचे दिवस आहेत. म्हणून त्या म्हणीला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते : घर पाहावे घेऊन, पण आधी त्याचे कागद पाहावेत वाचून.

श्रोतेहो, मी वकील नाही आणि एजंटही नाही. कविता लिहिणारा, बी. ए. झालेला एक साधा माणूस आहे. पण आमच्या मोहल्ल्यात मराठी कागद नीट वाचून सांगणारा म्हणून माझे नाव झाले आहे. उतारे, करारनामे, बँकेच्या नोटिसा घेऊन लोक येतात. त्यात यंत्रमागावर काम करणारे असतात, विड्या वळणाऱ्या बाया असतात, रिक्षावाले असतात. "भाई, जरा वाचून सांगा," म्हणतात. त्या कागदांनी मला जे शिकवले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

घर बघायला गेल्यावर काय बघायचे हे सोलापूरकराला फारसे शिकवावे लागत नाही. पाणी किती दिवसांआड येते, हौद केवढा आहे, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का, हे तो पहिल्या भेटीतच विचारतो. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन किती वेळ असते, वरच्या मजल्यावर मे महिन्यात झोप लागते का, हेही त्याला ठाऊक असते. एवढेच सुचवीन, की घर एकदा भर दुपारी आणि एकदा पावसात बघावे, आणि शेजाऱ्यांशी चार शब्द बोलावेत. शेजारी जे सांगतो ते एजंट सांगत नाही.

पण भिंती बघताना आपण एवढे जागरूक, आणि कागद बघताना मात्र म्हणतो, "रजिस्टर होणार आहे ना, मग झाले!" इथेच गफलत होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदला जातो तो दस्त. अमक्याने तमक्याला ही मिळकत विकली असे दोघांनी येऊन सांगितले, मुद्रांक शुल्क भरले, अंगठे आणि फोटो दिले, एवढ्याची ती नोंद असते. विकणारा खरोखर मालक होता की नव्हता, याची हमी ते कार्यालय देत नाही. ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी अशी पद्धत आणली, की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे मालकी ही एक साखळी आहे. आजच्या मालकाला ती कोणाकडून मिळाली, त्याला कोणाकडून मिळाली, असे मागे मागे जावे लागते. एक कडी निखळलेली असेल, तर शेवटची कडी हातात धरणाराच खाली पडतो. तो शेवटचा म्हणजे आपण.

म्हणून पहिले काम, वकिलामार्फत निदान तीस वर्षांचा सर्च घ्यावा. शहरातल्या जुन्या पेठांत सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे मिळकत पत्रिका, आणि हद्दवाढ भागात सातबारा काढावा. त्यावरचे फेरफार एकेक करून वाचावेत. सूची क्रमांक दोनच्या नकला घ्याव्यात. जुने कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारा शोधावा, अंदाज करू नये. आणि हे ध्यानात ठेवावे, की घरपट्टीची पावती आणि लाइटबिल हे मालकीचे पुरावे नव्हेत. उताऱ्यावरचे नावसुद्धा मुख्यतः महसुलाच्या सोयीसाठी असते. मालकी ठरते ती मूळ दस्तावरून आणि वारसाहक्कावरून.

विकणाऱ्याला मूळ दस्त दाखवायला सांगा. तो पुन्हा पुन्हा झेरॉक्सच पुढे करत असेल, तर मूळ प्रत एखाद्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कपाटात असण्याचा संभव असतो. कर्ज असणे हा गुन्हा नाही. ते फेडून, बोजा उतरवून व्यवहार करता येतो. पण ते आधी कळले पाहिजे.

आता आपल्या शहराचे खास दुखणे. १९९२ साली सोलापूरची हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी गावे महापालिकेत आली. शेतांचे प्लॉट पडत गेले. गिरणीतला, मागावरचा, विडीचा कामगार दीड गुंठा, दोन गुंठे घेऊ लागला. हा व्यवहार किती तरी ठिकाणी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे झाला. कोणी कुलमुखत्यारपत्र घेतले, कोणी साधा करार. पैसे पूर्ण दिले, पत्र्याचे घर उभे केले, मुलांची लग्ने त्याच घरात केली.

असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. आयुष्य यंत्रमागावर गेलेले. मुलाला वर मजला चढवायचा होता, म्हणून बँकेत गेले, तर बँकेने खरेदीखत मागितले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून ठेवलेला नोटरीचा कागद काढला. बँकेने तो परत केला. ज्याने प्लॉट विकला तो शेतकरी वारलेला, त्याचे सात वारस, दोघे पुण्यात. आता त्या सातांच्या सह्या मिळवायच्या. भाव इतके वाढलेले, की सही करायची म्हटली तरी प्रत्येकाला काहीतरी हवे. "भाई, मी पैसे तर पूर्ण दिलेत ना?" असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. पैसे दिले होते. पण मालकी आली नव्हती.

कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो, की घर-जागेची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो. साठेखत म्हणजे विकण्याचे वचन, ती विक्री नव्हे. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात पुन्हा ठामपणे सांगितले. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प आला, पण त्याने नोटरीच्या कागदाला जास्त बळ आलेले नाही.

गुंठेवारीचेही असेच आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट उघडली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही खुली झाली. ज्यांची घरे त्यात बसतात त्यांनी ती जरूर नियमित करून घ्यावीत. मात्र गुंठेवारीचा दाखला म्हणजे खरेदीखत नव्हे. दाखल्याने बांधकाम नियमित होते, मालकीची तुटलेली कडी त्याने जोडली जात नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. साखळीत सर्वांत जास्त वेळा गळते ती कडी बहिणीची असते. बाप वारला, उताऱ्यावर भावांची नावे लागली, भावांनी घर विकले. बहीण सासरी. तिला कोणी विचारले नाही. घेणाऱ्यालाही वाटते, मुलगे सही करताहेत, आणखी काय हवे?

हिशोबच करून दाखवतो. आमच्या शरियतप्रमाणे एखादा माणूस पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली ठेवून वारला, तर घराचे अठ्ठेचाळीस भाग कल्पावेत. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे सहा भाग. प्रत्येक मुलाचे चौदा आणि प्रत्येक मुलीचे सात. कर्ज वगैरे फेडून उरलेल्या मिळकतीत हे हक्क बापाच्या मृत्यूबरोबरच प्रत्येकाच्या नावे ठरतात. तुम्ही पूर्ण किंमत मोजून दोन्ही भावांच्या सह्या घेतल्या, तर अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठावीस भाग विकत घेतले. उरलेले वीस भाग आईचे आणि बहिणींचे, ते तसेच राहिले. हिंदू कुटुंबांतही वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी २००५ मध्ये हयात असलेल्या मुलीचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले.

पुष्कळ बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. राजीखुशीने करत असतील तर तो त्यांचा मोठेपणा. पण माहेर तुटेल या भीतीने केलेली सही आणि राजीखुशीची सही यांत फरक असतो, तो घेणाऱ्यानेही ओळखावा. हक्कसोडपत्र नोंदलेलेच असावे. शक्य तर बहिणीला समोर बसवून, कागद तिच्या भाषेत वाचून दाखवावा. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा बोलल्या जातात. जी भाषा तिला कळते, तीत. तोंडी हिबा, म्हणजे बक्षीस, मुसलमानांत मान्य आहे. पण देणाऱ्याने दिल्याचे जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा मिळणे या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. तोंडी हिब्यावर चालत आलेले घर घेताना सगळ्या वारसांची संमती लेखी घ्यावी.

जमीन कोणत्या प्रकारची आहे हेही पाहावे. देवस्थान इनामाची असो की वक्फची, अशी जमीन कोणा एकाच्या मालकीची नसते. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीला परवानगीची अट असते. कुंभारीला विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये ती घरे मिळाली. त्याच भागात रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती आली. अशा योजनांतली घरे कष्टकऱ्यांच्या मोठ्या लढ्यातून आलेली आहेत. ती विकण्याला अटी असू शकतात. कोणी 'फक्त ताबा देतो' म्हणाला, तर मूळ करारातली अट वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी महारेराची सोय १ मे २०१७ पासून आहे. बिल्डरचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासावा. नोंदलेला करार होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर ठरवावा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच राहायला जावे.

पैशांचे थोडक्यात. इसार कमी द्यावा आणि तो चेकने द्यावा. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्याला २०१५ पासून मनाई आहे. खरेदीखताआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागते. १ एप्रिल २०२१ पासून घर महिलेच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरावर हे वीस हजार होतात. त्याहून मोठा लाभ असा, की घर तिच्या नावावर राहते.

विकणाऱ्यांनाही चार शब्द. घर विकायचे मनात आले की आधी स्वतःचे कागद नीट करावेत. वारसनोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, बोजा उतरवल्याचा दाखला. स्वच्छ कागदाच्या घराला भाव जास्त येतो आणि गिऱ्हाईक घासाघीस कमी करते. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा देऊ नये, चेक वटल्याची खात्री करावी. कोऱ्या कागदावर किंवा घाईत कुलमुखत्यारपत्रावर सही करू नये. विक्रीच्या नफ्यावर आयकर असतो. दुसरे घर घ्यायचे असेल तर त्यात सूट मिळू शकते, म्हणून सौदा ठरण्याआधीच सी. ए. ला विचारावे.

वकिलाची फी, सर्चचा खर्च, जाहीर नोटिशीचे पैसे, हे सगळे मिळून घराच्या किमतीपुढे फार नसते. घराला रंग द्यायलाही त्याहून जास्त लागतात. तेव्हा भाव ठरवायच्या आधी एक प्रश्न विचारा : या घरावर कुणाकुणाचा हक्क आहे आणि त्या सगळ्यांची सही आहे का? उत्तर अडखळत आले, तर हातातला इसार हातातच ठेवा.