विजेची शिल्लक

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, तेव्हा शिसे आणि गंधकाम्ल यांच्या बॅटरीला शंभर वर्षे पूर्ण होत होती. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली सिद्ध केली. आज खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीत वीज गेल्यावरही एखाद्या घरातला पंखा फिरत राहतो, तो बहुधा याच जुन्या युक्तीच्या बळावर.

परंतु, श्रोतेहो, त्या बॅटरीत वीज किती उरली आहे, हे कसे ओळखावे? पुष्कळ लोक विद्युद्दाब पाहून समाधान मानतात. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. अर्धी रिती झाल्यावर सुमारे १२.२. अवघा अर्ध्या व्होल्टचा फरक! त्यातून पंखा चालू असला की हा आकडा खाली येतो, भरणी चालू असली की वर चढतो. ऐन गरजेच्या वेळी अशी साक्ष काय कामाची? येथे कोषागाराची रीतच उपयोगी पडते: आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक रकमेची नोंद.

ही नोंद शंटमुळे शक्य होते. शंट म्हणजे अत्यल्प रोध असलेली धातूची पट्टी. नेहमीच्या एका प्रकारात १०० अँपिअर प्रवाह गेला असता तिच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. दोन पंखे आणि दोन दिवे यांसाठी बॅटरीतून १६ अँपिअर गेले, तर ८ मिलिव्होल्ट. दर्शक हा फरक मोजतो, त्याला काळाची जोड देतो आणि शिल्लक अँपिअर-तासांत मांडतो.

शंट बसतो ऋण बाजूच्या तारेत. त्याच्या एका टोकाला केवळ बॅटरीचे ऋण अग्र जोडावे. इन्व्हर्टर, सौर भरणीयंत्र आणि बाकी सर्व ऋण तारा दुसऱ्या टोकाला. सारी मेख येथेच आहे. एखाद्या दिव्याची तार घाईघाईने थेट बॅटरीच्या ऋण अग्राला जोडली, तर ती वीज नोंदीवाचून निघून जाते. दर्शक सत्तर टक्के शिल्लक सांगत राहतो; इकडे बॅटरी अर्ध्याखाली उतरते, शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि महागामोलाची बॅटरी अकाली निकामी होते. दोष मात्र बॅटरीच्या माथी!

दर्शक आणि इन्व्हर्टरचे बटण यांचे पटल बैठकीच्या खोलीत खुशाल असावे. तिथवर बारीक, पीळ दिलेल्या तारा पुरतात, कारण मोठा प्रवाह त्यांतून जातच नाही. २३० व्होल्टच्या तारांच्या नळीतून मात्र त्या नेऊ नयेत. धन अग्राच्या अगदी जवळ मुख्य फ्यूज हवा, आणि दर्शकाच्या धन तारेला स्वतःचा छोटा फ्यूज. पटलावरचे बटण बंद केल्याने बॅटरीच्या जाड तारा निर्जीव होत नाहीत. बारा व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, म्हणून माणसे निर्धास्त राहतात. पण दोन अग्रांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहून तो लालबुंद होतो. काम करताना आधी मुख्य फ्यूज काढावा आणि हातातील अंगठी उतरवून ठेवावी.

शेवटी दर्शकात बॅटरीची क्षमता नोंदवावी. भरलेली सगळी वीज बॅटरी परत देत नाही, त्यामुळे हिशेब हळूहळू ढळतो. म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरून आकडा पुन्हा शंभरावर आणावा.