छातीत आग, नाकात नळी

लग्नाच्या पंगतीत रोडगे आणि वांग्याची भाजी, त्यावर आग्रहाचं तूप, आणि लगेच अंथरूण. रात्री दोनला माणूस उठून बसतो : "छातीत आग पडून राह्यली ना बाप्पा!" नांदगाव खंडेश्वरात उपायांना तोटा नाही. कोणी ईनोची पुडी फोडतं, कोणी थंड दूध देतं, कोणी ओवा चघळायला लावतं. तपासून घे, असं मात्र फारसं कोणी म्हणत नाही. गाव अमरावती-यवतमाळ रस्त्यावर, आणि या रस्त्याच्या दोन्ही टोकांना मेडिकल कॉलेज! तर जठरातलं आम्ल वर चढतं का, त्यानं अन्ननलिका सुजली का, हे डॉक्टर कसं ओळखतात त्याच्या या सुरस कथा.

पहिली तपासणी दुसऱ्याच अवयवाची

अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून खाली उतरते. दोघांचंही दुखणं मेंदूला जवळपास सारखंच कळतं. त्यामुळे छातीत जळतंय म्हणून आलेल्या माणसाचा डॉक्टर आधी ईसीजी काढतात. ईनोनं बरं वाटलं म्हणून हृदय ठणठणीत, असं सिद्ध होत नाही. घाम फुटला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर ओव्याचा डबा शोधू नका, गाडी शोधा. एवढं गंभीर बोलून झालं, आता गमती.

तलवार गिळणारा उपयोगी पडला

सन १८६८. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे डॉक्टर अडोल्फ कुसमाऊल यांना जिवंत माणसाच्या जठरात डोकवायचं होतं. त्यांच्याकडची नळी सरळसोट, ताठ. ती गिळणार कोण? त्यांनी चक्क तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस गाठला. नळी उतरली, पण उजेड इतका मिणमिणता की धड काही दिसेना.

वाकणारी दुर्बीण यायला पुढची नव्वदेक वर्षं लागली आणि तिच्या कथेत एक भारतीय आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करत होते. काचेच्या केसाएवढ्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकड्या वाटेनंही पलीकडे नेता येतं, हे दोघांनी १९५४ साली 'नेचर'मध्ये छापलं. ते वाचून अमेरिकेत बेसिल हिर्शोवित्झ कामाला लागले. १९५७ साली दुर्बीण तयार झाली, तेव्हा तिचा पहिला घास त्यांनी स्वतः घेतला. पेशंटचा नंबर त्यानंतर. आज घसा बधिर करणारा फवारा मारून, डाव्या कुशीवर झोपवून, पाच-दहा मिनिटांत काम उरकतं. अट एकच : उपाशीपोटी या. घसा बधिर आहे तोवर बाहेरच्या टपरीवरचा चहाही नाही, कारण तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

इथंही ग्रेड मिळते

दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लानं पडलेले ओरखडे दिसले, तर डॉक्टर ते मोजतात. ए, बी, सी, डी अशा चार ग्रेड आहेत. ही पद्धत लॉस एंजेलिसच्या नावानं ओळखली जाते. १९९४ साली तिथं भरलेल्या जागतिक परिषदेत ती मांडली गेली. ओरखडा ५ मिलिमीटरच्या आत असेल तर ए, त्याहून लांब असेल तर बी. ओरखडे एका घडीवरून दुसऱ्या घडीवर पसरले की सी, आणि नळीच्या घेराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त व्यापला की डी. गंमत ग्रेड ए ची आहे. कसलाही त्रास नसलेल्या धडधाकट माणसांतही ती सापडते, म्हणून नुसत्या ए वरून रोग पक्का धरू नये, असं आता तज्ज्ञ मानतात. रिपोर्टवर 'ग्रेड ए' वाचून घरभर हाय खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगतो.

उलटही होतं, आणि ते फार जास्त होतं. छातीत जळणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांची दुर्बीण 'नॉर्मल' येते! घरचे लगेच म्हणतात, पाहा, काही नव्हतं, उगाच पैसे गेले. पण जळजळ आणि सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ल वर येऊनही अस्तर शाबूत राहू शकतं. शिवाय आम्ल दाबणाऱ्या गोळ्या महिनाभर खाऊन दुर्बीण टाकली, तर भरलेले ओरखडे दिसणार कसे? निदानासाठी दुर्बीण असेल तर त्या गोळ्या दोन ते चार आठवडे आधी थांबवायला सांगतात. डॉक्टरांनी सांगितलं तरच, स्वतःच्या मनानं नाही. गिळायला त्रास, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा उगाच घटणारं वजन असेल, तर गोळ्यांचे प्रयोग न करता थेट दुर्बिणीकडे.

आपल्याकडे हा त्रास किती जणांना? मुंबईच्या केईएमच्या डॉ. शोभना भाटिया आणि देशभरच्या सहकाऱ्यांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ७.६ टक्के लोकांना आठवड्यातून एकदा तरी जळजळ किंवा घशाशी येण्याचा त्रास होता. तळलेले पदार्थ, मांसाहार, चहा-कॉफी आणि बाटलीबंद सोड्याशी त्याचं नातं दिसलं. म्हणजे तर्रीतला आलूबोंडा आणि त्यावर कटिंग, दोघंही संशयितांच्या यादीत. खर्रा घोटणाऱ्यांनीही हसू नये : तंबाखूतलं निकोटिन जठराच्या तोंडची झडप सैल करतं.

आधी जाळून पाहू

१९५८ साली बर्नस्टाईन आणि बेकर यांनी भलतीच सरळ युक्ती काढली. नळीतून अन्ननलिकेत थेंब थेंब मिठाचं पाणी सोडायचं, मग पेशंटला न कळवता सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. "हो हो, हेच माझं दुखणं!" असं तो ओरडला की निदान झालं. पुढं ही चाचणी मागं पडली, आणि पेशंटलोकांनी बहुधा सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

आता पेशंटला न जाळता मोजतात. नाकातून बारीक नळी, कमरेला छोटं यंत्र, आणि २४ तास घरी मोकळं सोडतात. जळजळ झाली, जेवलो, आडवा झालो की बटण दाबायचं. डॉक्टर बजावतात, रोजचंच खा! वर्षानुवर्षं ठेच्यावर बोलणी खाल्लेल्या माणसाला ठेचा खाण्याची वैद्यकीय परवानगी मिळते. पीएच ४ च्या खाली गेला की आम्ल वर आलं असं यंत्र लिहून ठेवतं. असा वेळ एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त, म्हणजे दिवसभरात सुमारे १ तास २६ मिनिटांच्या वर गेला, तर रोग पक्का. ४ टक्क्यांच्या आत, जवळपास ५८ मिनिटांपर्यंत, सगळं ठीक. म्हणजे तुमच्या-माझ्या धडधाकट छातीतही थोडं आम्ल रोज फेरी मारून जातं!

ही नळी झडपेच्या वर बरोबर ५ सेंटिमीटरवर हवी. झडप कुठं आहे हे शोधायला दाब मोजणारी वेगळी तपासणी असते. तिच्यात पाण्याचे घोट देऊन अन्ननलिकेच्या स्नायूंचं बळ जोखतात. हे स्नायू घास असे ढकलतात की डोकं खाली, पाय वर करूनही तो जठरात पोचतो. करून पाहू नका.

नाकातली नळी लाजवते, चारचौघांत मिरवता येत नाही, त्यावरही तोड आहे : बिनतारी कॅप्सूल. ती दुर्बिणीच्या वेळी अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवतात आणि ती ९६ तासांपर्यंत रेडिओलहरींनी कमरेच्या यंत्राला बातम्या देत राहते. नंतर आपोआप सुटते आणि शौचावाटे बाहेर पडते. ती परत द्यायची नसते, शोधायची तर मुळीच नसते. फक्त पुढचे ३० दिवस एमआरआय काढायला जायचं नाही.